शनवारे मोजणीदार

आमच्या घोडेगावात शनिवारी जमीन मोजली जात नसे, हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मोजणीची साखळी सरकारची, पगार सरकारचा, आणि शनिवार उजाडला की ती साखळी खुंटीला टांगलेली. मोजणीदार धुतलेलं धोतर नेसून, हात मांडीवर ठेवून ओट्यावर बसलेले. चार कोस चालत कुणी कुणबी आला आणि बांधाचं रडगाणं सांगू लागला तर शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, पण कागदाला बोट लावायचे नाहीत. "उद्या येतो," म्हणायचे. उद्या म्हणजे रविवार. सगळी कचेरी घरी लोळत असे तेव्हा हा गृहस्थ उन्हातान्हात शिवारं तुडवत फिरायचा. वरच्या साहेबानं एकदा जाब विचारला होता. त्यांनी सांगितलं, आठवड्याचे सहा दिवस मोजून घ्या, एक जरी कमी भरला तर पगार कापा. साहेबानं नाद सोडला.

म्हणून गावानं त्यांचं नाव पाडलं शनवारे. खरं नाव मला ठाऊक आहे, पण इथं लिहीत नाही. त्यांच्याबद्दल माझ्या हातून एकदा नको तितकं लिहून झालेलं आहे.

मी तेव्हा महालकरी कचेरीत अव्वल कारकून होतो. माझं अक्षर सगळ्या महालात नावाजलेलं होतं, आणि त्याचा मला किती ताठा होता हे आता कबूल करायला हरकत नाही. मोजणीदारांचं घर आमच्या घराला लागून. मधे एक कुडाची भिंत. त्यांच्या घरी कोण काय बोललं, कशाला फोडणी बसली, सगळं इकडं कळायचं.

चालताना पावलं मोजायची त्यांना खोडच होती. पाऊल कसं, अगदी सारखं पडायचं. कचेरीतून घरी आले की माझ्या ओट्यापाशी थांबून म्हणायचे, चारशे बारा. एकदा चारशे अकरा भरली, तर मला विचारलं, "अण्णा, ओटा पुढं घेतलात काय?" आणि खरोखरच मी पायरीचा दगड वीतभर पुढं सरकवला होता. तेव्हापासून त्यांच्यासमोर काही लपवायचं म्हटलं की मला धास्ती वाटायची.

त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीवर बोटभर लांबीची एक पत्र्याची नळी खिळ्यांनी ठोकलेली होती. आत त्यांच्या धर्माचा मंत्र लिहिलेली चिठ्ठी. जाता येता ते तिला बोटं लावून ओठांना लावायचे. गावाला वाटे, दृष्ट लागू नये म्हणून ताईत आहे. त्यांची साखळी धरणारे दोघे गडी होते, तेही हळूहळू बोटं लावू लागले. मी त्यांना हटकलं तर एक जण म्हणाला, "सायेब लावत्यात, मंग कायतरी आसंलच की त्यात."

ते धर्मानं यहुदी, जातीनं इस्राएल. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे. ही सगळी माहिती मला त्यांच्याकडूनच झाली. पण ती होऊनही त्यांना नेमकं कुठं बसवायचं हे मला उमजत नसे. जुन्नरचे एक कागदी चाचा आमच्या कचेरीला हातकागद पुरवायचे. त्यांचं माझं यावरून नेहमी जुंपे. चाचा म्हणत, सुंता झालेली, डुकराला शिवत नाही, देव एक, कोंबडी स्वतः कापून खातो, मग राहिलं काय? हा आमचाच. मी म्हणे, धोतर नेसतो, गाईचं मांस खात नाही, लग्नात हळद लावतो आणि मराठी माझ्यापेक्षा सोवळी बोलतो, तेव्हा आमचा. मोजणीदार शेजारी बसून नकाशा रंगवत असायचे. एकदा मान वर न करता म्हणाले, "तुमचं ठरलं की कळवा. दगड रोवायला मी येतो."

भीमाशंकरच्या वाटेवर एका कोवळ्या गोऱ्या साहेबाची छावणी पडली होती. त्यानं मोजणीदारांना विचारलं, की विलायतेकडं तुमच्या लोकांत आपला स्वतःचा देश परत मिळवायची बोलणी चालली आहेत, मिळाला तर तुम्ही जाल का? मी तिथं होतो. यांनी आधी विचारलं, तिकडची जमीन मोजून झाली आहे का. साहेब हसला. मग हे गंभीर होऊन म्हणाले, आमच्या वाडवडलांचं गलबत कोकणच्या किनाऱ्याला फुटलं, सात जोडपी वाचली, ओल्या अंगानं त्यांनी ज्या मातीवर पाय टेकला ती आमची. आता पुन्हा गलबतात बसायची छाती नाही. साहेबानं ते आपल्या वहीत लिहून घेतलं.

आणि त्यांच्या त्या शुक्रवारच्या दिव्याची गोष्ट. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्यांच्या घरी दिवा लागायचा. एकदा दिवस मावळला की शनिवार संपेपर्यंत त्यांना विस्तवाला हात लावायची बंदी. वाऱ्यानं दिवा विझला तर तसाच. दुसऱ्याला लाव म्हणून सांगायचीसुद्धा सोय नाही. मग मोजणीदार ओट्यावर येऊन आभाळाकडं बघत म्हणायचे, "वारा सुटलाय बुवा आज." मी समजून घ्यायचं आणि काडेपेटी घेऊन जायचं. कधीकधी मुद्दाम म्हणे, होय, सुटलाय खरा, आणि बसून राही. मग ते खोकायचे, पावलं मोजत इकडून तिकडं करायचे. शेवटी आतून बांगड्या वाजायच्या आणि साराबाई म्हणायच्या, "आण्णा, लई झाली चेष्टा." मग मी उठायचो.

साराबाई म्हणजे त्यांचं कुटुंब. त्यांच्या बोलण्यावरून कुणालाही कळावं, की त्या कोकणातल्या नव्हेत. त्या आमच्या कळंबकडच्या धनगराची लेक. माळरानाची मोजणी चालली असताना मोजणीदार तापानं फणफणून त्यांच्या वाड्यावर पडले होते, पंधरा दिवस. बापानं आणि लेकीनं त्यांना बरं केलं. पुढं जे व्हायचं ते झालं. लेक निघून आली तेव्हा जातपंचायत बसली, बापानं लेकीच्या नावानं आंघोळ केली. मेली म्हणून. तो म्हातारा मेंढरं घेऊन दरसाल घोडेगावावरून जायचा, पण या गल्लीत कधी वळला नाही.

मोजणीदारांनी तिला घोड नदीवर नेऊन डोक्यावरून पाणी जाईपर्यंत बुडी मारायला लावली, स्वतः काठावर उभे राहून मंत्र म्हटले, आणि नाव ठेवलं सारा. साक्षीला कुणी नव्हतं. त्यांच्यातले लोक इथून तीन दिवसांच्या वाटेवर, आणि त्यांनी ते मानलं असतं की नाही याची यांनाही खात्री नसावी. पण नंतर वीस वर्षं त्या बाईनं तो धर्म असा पाळला, की बघत राहावं. मटण मीठ लावून, रक्त निथळून मगच चुलीवर. मटणाच्या दिवशी दुधाचं भांडं शिंक्यावरून खाली उतरायचं नाही. वर्षातून एकदा त्यांची दारफाळणी यायची. त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून सगळ्यांनी घरात बसायचं, थुंकीसुद्धा गिळायची नाही म्हणा ना, इतका कडक उपास. त्यांची मुलगी हन्ना सात वर्षांची असल्यापासून तो धरायची, आईचं बघून.

हेही सांगून टाकतो, की त्यांच्या घरचं पाणी मी कधी प्यालो नाही. नवसाचा मलिदा व्हायचा, गूळपोहे आणि खोबऱ्याचा. साराबाई केळीच्या पानावर आणून द्यायच्या आणि आमच्या घरात तो गाईला जायचा. त्यांना हे कळत असणार. कुडाची तर भिंत. पण देणं काही थांबलं नाही.

हन्ना सोळाची झाली. मोजणीदारांच्या जिवाला तो एकच घोर लागला होता. सगळ्या महालात त्यांच्या जातीचं घर एक, मुलगा आणायचा कुठून? दोन वर्षं पत्रं चालली होती. शेवटी कोकणातल्या एका घराशी जमलं. मुलगा मुंबईत छापखान्यात कंपॉझिटर. ती मंडळी येऊन गेली, साखरपुडा झाला, हिरवी साडी आली. त्या आठवड्यात मोजणीदार पावलं मोजायचे विसरले. मला म्हणाले, "अण्णा, आज किती झाली देव जाणे." साराबाईंनी लाडवांचं सामान आतापासूनच भरलं.

आणि मग मला पत्र आलं. मुलाचा चुलता त्यांच्या गावच्या जमातीचा मुकादम होता, त्याचं. साखरपुड्यात साराबाईंची बोली त्याच्या कानावर पडली असणार. मोठ्या अदबीनं लिहिलं होतं. आपण सरकारी गृहस्थ, मुलीचे शेजारी. मुलीच्या आईचं माहेर, घराणं यांची खासगीत माहिती द्याल तर उपकार होतील, आणि पत्राचा बोभाटा नको. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मोजणीदारांच्या मुलीचं लग्न माझ्या शब्दावर ठरणार. शेजारधर्म पाळायची याहून चांगली वेळ कुठली? मी मोजणीदारांना बोललो नाही. म्हटलं, लग्नात हळूच सांगू.

चार पानं लिहिली. रात्रीचं जेवण लांबवून, नवा टाक घेऊन. काय लिहिलं ते मला आजही तोंडपाठ आहे. लिहिलं, की मातुल घराणं जातिवंत धनगराचं, दोनशे मेंढरांचा धनी, पंचक्रोशीत शब्दाला मान. सात पिढ्यांत कुठं डाग नाही, रक्तात कसली भेसळ नाही. याची मी खात्री देतो. बापानं लेकीच्या नावानं आंघोळ केली हे तेवढं गाळलं. उगाच कशाला वाईट दिसायला? आमच्यात लग्नाची चौकशी आली की आम्ही हेच लिहितो. कूळ चांगलं आहे, जात स्वच्छ आहे. सोयरीक व्हायला दुसरं काय लागतं? माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही हो.

पंधरा दिवसांनी मोजणीदार माझ्या ओट्याशी आले. थांबले, पण आकडा सांगितला नाही. हातात पाकीट होतं. त्यातून माझी चार पानं काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. मुकादमानं ती त्यांच्याकडं धाडून दिली होती. सोबत चार ओळी, की मुलीची आई परजातीची असल्याचं आपण लपवलंत, सबब मुलगी काळी इस्राएल ठरते, आमचं घर गोरं, सोयरीक मोडली, साडी परत करावी. त्यांच्यात असे दोन भाग होते हे मला तेव्हा कळलं. आईबाप दोन्हीकडून जातीचे ते गोरे, नसतील ते काळे. अंगाच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. हन्ना तर केतकीसारखी होती.

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला. "मी वाचलं सगळं," म्हणाले. "चूक एकही नाही. अक्षरही छान आहे."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विचारलं, तुम्ही त्यांना आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "त्यांनी विचारलं होतं, बायको कोण? मी सांगितलं, इस्राएल. खोटं सांगितलं का मी, अण्णा?" मग खाली बसत म्हणाले, "दारफाळणीच्या दिवशी दुपारी मी मागच्या दारी जाऊन चोरून पाणी प्यायचो. दरसाल. तिनं वीस वर्षांत थेंब घेतला नाही. आता तुम्हीच सांगा, आमच्या घरात इस्राएल कोण?"

त्या शुक्रवारी वारा सुटला होता. त्यांच्याकडचा दिवा विझलेला मला कुडाच्या फटीतून दिसला. ओट्यावर कुणी आलं नाही, आभाळाकडं बघून कुणी काही म्हटलं नाही. काडेपेटी माझ्या हातात होती. पण उंबरा ओलांडायची माझी छाती झाली नाही. ते तिघं अंधारात बसून राहिले आणि मी माझ्या घरी दिवा मोठा करून बसलो.

हन्नानं आदळआपट केली नाही. साडीची घडी तिनंच घातली आणि टपालात घालायला बापाच्या हाती दिली. साराबाई मात्र खचल्या. दाराच्या नळीला हात लावायचा त्यांनी सोडून दिला. आत-बाहेर करताना पदर सावरून, अंग चोरून जायच्या, जणू परक्याच्या घरात आहेत. एकदा विहिरीवर मला भेटल्या. मी मान खाली घालून निघालो होतो, तर त्याच म्हणाल्या, "आण्णा, तुमचा राग न्हाई मला. पर येक इचारते. धनगरात मी मेले. तिकडं तर मी जल्मलेच न्हाई म्हनत्यात. मंग ही वीस वरसं इथं रांधत व्हती ती कोन?"

 

त्याच हिवाळ्याच्या अखेरीला सरकारची माणसं मोजायची खानेसुमारी आली. आमच्या गल्लीचा गणक मीच. आधी एक फेरी करून सगळ्यांची नावं काळ्या शाईनं मांडून घ्यायची, आणि पुढं ठरलेल्या दिवशी दुसरी फेरी करून त्या दरम्यान जे मयत झाले किंवा गाव सोडून गेले त्यांची नावं तांबड्या शाईनं खोडायची, असा कायदा. डोंगराळ मुलुख म्हणून आम्हाला दुसरी फेरीही दिवसाउजेडी करायची मुभा होती.

पहिल्या फेरीला मी त्यांच्या ओट्यावर गेलो. मोजणीदारांचं लिहून झालं. धर्म यहुदी, जात इस्राएल. हन्नाचं झालं. मग साराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माजं काय बी लिवा." मोजणीदार माझ्याकडं बघत होते. मी टाक बुडवला आणि लिहिलं, सारा, स्त्री, विवाहित, धर्म यहुदी, जात इस्राएल. आणि ते मोठ्यानं वाचून दाखवलं. साराबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्या पुढं आल्या आणि जात कुठं लिहिली ते मला बोटानं दाखवायला लावलं. बराच वेळ त्या तिथं बघत राहिल्या. आत जाताना त्यांचा हात चौकटीकडं गेला. नळीला लागला की नाही ते मला दिसलं नाही.

बारा दिवसांनी त्या गेल्या. गाठीच्या तापानं, दोन दिवसांत. पुरायचं कुठं हा प्रश्न पडला. कागदी चाचा जुन्नरहून धावत आले आणि म्हणाले, आमच्या कब्रस्तानात जागा देववतो, बहीण समजून. मोजणीदारांनी त्यांचे हात हातात घेतले, पण नको म्हणाले. महालकऱ्यांच्या परवानगीनं नदीपलीकडच्या पडीक तुकड्यात जागा घेतली. होकायंत्र लावून दिशा धरली, आपल्या साखळीनं स्वतः मापं टाकली. शेजारी आणखी तेवढीच जागा मापून चार कोपऱ्यांना दगड पुरले. त्यांच्यात मयताच्या प्रार्थनेला जमातीचे दहा पुरुष लागतात. इथं एकच होता. त्यानं एकट्यानं म्हटली. चाचा, दोघे गडी आणि मी टोप्या सरळ करून उभे होतो. पलीकडच्या टेकाडावर एक म्हातारा धनगर मेंढरं थांबवून काठीवर हनुवटी टेकून उभा होता. तो खाली आला नाही. पण माती लोटून होईपर्यंत हललाही नाही.

मग दुसऱ्या फेरीचा दिवस आला. एका दौतीत काळी शाई, एका दौतीत तांबडी, बगलेत नावांचे तक्ते घेऊन मी घरोघर फिरलो. त्या तापानं गल्लीतली आणखी तीन माणसं नेली होती. तिघांचीही नावं मी त्यांच्या दारात बसून खोडली. शेवटी मोजणीदारांचा ओटा. हन्नानं सतरंजी टाकली. पाणी आणून ठेवलं, सवयीनं, मी घेणार नाही हे माहीत असून. मोजणीदार समोर बसले. मी तक्ता उघडला. साराबाईंची ओळ मधोमध होती, माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात.

मी तांबड्या शाईत टाक बुडवला. मोजणीदार म्हणाले, "अण्णा, सबंध मुलखात तिला इस्राएल म्हणणारा हा एवढाच कागद आहे." बस, इतकंच म्हणाले. खोडू नका म्हणाले नाहीत. शुक्रवारच्या दिव्यासारखंच, सांगायची त्यांना सोय नव्हती.

मी टाक पुसला. तांब्या उचलून पाणी प्यालो. घटाघट, सगळं. मग तक्ता मिटला आणि उठलो.

पुढं त्यांची नगरकडं बदली झाली. हन्ना मुंबईला जाऊन एका दवाखान्यात नर्स झाली. लग्न तिनं केलं नाही. तिच्या पत्राला उत्तर लिहायला बसलो की माझा टाक अडायचा, अजून अडतो. मोजणीदार नगरकडंच वारले. त्यांना इकडं आणायला कुणी नव्हतं. नदीपलीकडं चार दगडांच्या मधली ती जागा रिकामीच आहे. मी अधूनमधून काठी टेकत जाऊन बघून येतो.

त्या साली सरकारनं छापलेल्या आकड्यांत घोडेगावात एक बाई जास्त आहे. ती चूक माझी आहे, आणि ती मी समजून उमजून केलेली आहे.